जाड पात्याचे जंगल-चाकू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानात वापरायचा, घडी न होणारा, दणकट चाकू घ्यायचा म्हटलं की तीच नावं पुढे येतात: अमेरिकेतले बेकर बीके-२, ईएसईई-६ आणि के-बार, स्वीडनमधले फेल्कनीव्हन ए-१ आणि मोरा कंपनीचा गार्बर्ग. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काही सह्याद्री-हिमालयात भटकणारे, तर काही नोकरी-शिक्षणासाठी अमेरिका, कॅनडा, स्वीडन, इंग्लंडला जाऊन तिथल्या जंगलात तंबू ठोकणारे. दोघांच्या गरजा फार वेगळ्या आहेत, म्हणून काही उत्तरांत त्यांना वेगवेगळं सांगितलं आहे.

प्रश्न: या चाकूला ‘हेवी ड्यूटी’ का म्हणतात? घरातल्या सुरीपेक्षा तो वेगळा कशात?

सुरीने फक्त कापायचं असतं. या चाकूकडून आणखी तीन कामं करून घेतली जातात: लाकूड फोडणं, फांदी तोडणं आणि काहीतरी उचकटणं. ही मूळची कुऱ्हाड, कोयता आणि पहार यांची कामं. तिन्ही जवळ नसताना सगळा भार एकाच पात्यावर येतो, म्हणून ते जाड ठेवतात. जाडी हाल सोसण्यासाठी दिलेली असते, तिने कापणं सुधारत नाही. एवढं मनात पक्कं असलं की पुढचे निम्मे प्रश्न सोपे होतात.

प्रश्न: या पाच चाकूंमध्ये नेमका फरक काय?

बेकर बीके-२ चं पातं सव्वापाच इंच लांब आणि पाव इंच, म्हणजे ६.३ मिलिमीटर जाड. वजन ४५० ग्रॅमच्या आसपास. एवढ्या आखूड पात्यात एवढं पोलाद दुसरीकडे क्वचितच मिळतं. फोडायला हा उत्तम, पाठीवर कितीही ठोका. पण आखूड असल्यामुळे घाव घालताना जोर बसत नाही आणि जाड असल्यामुळे बटाटा कापायला घेतला तर काप निघण्याऐवजी तुकडा फुटतो. लोक त्याच्या प्रेमात पडतात ते हातात घेतल्यावर जाणवणाऱ्या वजनामुळे. दिवसभर कमरेला लावून चालल्यावर तेच वजन नकोसं होतं.

ईएसईई-६ चं पातं साडेसहा इंच, जाडी ४.८ मिलिमीटर, वजन ३४० ग्रॅमच्या घरात. पात्याच्या दोन्ही बाजू पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत येतात, त्यामुळे जाड पाठीच्या मानाने तो छान कापतो. फांदी तोडायला लांबी पुरते. कंपनीची हमी आजन्म आहे आणि चाकू ज्याच्या हातात असेल त्याला ती लागू होते. मोडला तर बदलून देतात, पावती मागत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट. भारतातून मोडका चाकू पाठवायचा खर्च आणि कटकट पाहता इथे तिचा उपयोग थोडाच.

फेल्कनीव्हन ए-१ चं पातं १६० मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड. पोलाद थरांचं आहे. मधला थर कडक व्हीजी-१०, जो धार धरतो, आणि दोन्ही बाजूंना जरा मऊ पोलाद, जे धक्का झेलतं. बाजू किंचित फुगीर असतात, त्यामुळे लाकडात शिरल्यावर तो सहसा रुतून बसत नाही. गंज फारसा धरत नाही. महागही तोच.

के-बार हा या सगळ्यांत जुना. अमेरिकेच्या मरीन दलाने १९४२ मध्ये तो स्वीकारला. पातं ७ इंच, जाडी ४.२ मिलिमीटरच्या आसपास, मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली. सैनिकाला झुंजीला आणि खोकी फोडायला, दोन्हीला चालेल असा तो घडवला आहे. टोक निमुळतं असल्यामुळे त्याने उचकटायला जाऊ नये. इतिहास म्हणून तो जवळ असावासा वाटणं मला समजतं, पण फक्त लाकूडकामासाठी घेत असाल तर आज त्याहून बरे पर्याय आहेत.

गार्बर्ग या रांगेत सगळ्यात सडपातळ. पातं १०९ मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. बीके-२ च्या निम्म्याहून कमी. तरी त्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं आहे. लाकूड तासायला या पाचांत त्याच्या जवळपास कोणी येत नाही. त्याने फांदी तोडायला जाऊ नका, ते त्याचं काम नव्हे.

प्रश्न: मग जितका जाड तितका चांगला, असं नाही?

अजिबात नाही. पट्टी दुप्पट जाड केली की ती वाकवायला साधारण आठपट जोर लागतो. म्हणून ६ मिलिमीटरचं पातं वाकवणं माणसाच्या हाताबाहेरचं असतं. पण तेवढी ताकद लागते कुठे? दोरी, भाकरी, तंबूची खुंटी, ढलप्या, जखमेची पट्टी, यांपैकी कशालाही नाही. या सगळ्यांना पातळ पातंच बरं.

एक उदाहरण फार बोलकं आहे. स्वीडनच्या हवाई दलाने १९९५ मध्ये वैमानिकांसाठी मान्य केलेला चाकू म्हणजे फेल्कनीव्हनचा एफ-१. विमान कोसळून बर्फाळ जंगलात एकटा सापडलेल्या माणसासाठी निवडलेल्या या चाकूचं पातं दहा सेंटिमीटरहूनही आखूड आणि साडेचार मिलिमीटर जाड आहे. जीव वाचवण्याच्या कामासाठी निवडणाऱ्यांनी सात इंचांचा हट्ट धरला नाही.

माझ्या मते बहुतेकांसाठी ३ ते ५ मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. त्यापुढे दर मिलिमीटरला कापण्याची गोडी कमी होत जाते.

प्रश्न: फुल टँग असायलाच हवा का?

पात्याचं पोलाद मुठीच्या आतून शेवटपर्यंत, मुठीइतक्याच रुंदीने गेलं असेल तर तो फुल टँग. ठोकून लाकूड फोडायचं असेल तर हा आग्रह रास्त आहे, कारण सगळा ताण पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे येतो. के-बारचा टँग मात्र मुठीच्या आत निमुळता होत जातो, तरी त्याने एक महायुद्ध काढलं. तेव्हा निमुळता टँग म्हणजे कचकडं असं समजू नका. पाहायचं ते वळण. पात्याच्या खांद्यापाशी काटकोनी खाच असेल तर तडा तिथूनच सुरू होतो, गोलाई असेल तर ताण पसरतो.

कडाक्याच्या थंडीत फुल टँगची एक अडचणही आहे. उघडं पोलाद बोटांना लागतं आणि हात गारठतो. उत्तरेकडच्या देशांतल्या जुन्या चाकूंची मूठ पूर्ण लाकडाची असते, ती यामुळेच सोयीची.

प्रश्न: मूठ पोकळ असून आत काडेपेटी, गळ, होकायंत्र ठेवता येतं, असे चाकू कसे?

घेऊ नका. मूठ पोकळ म्हणजे टँग नाही. पातं एखाद्या बोल्टवर उभं असतं आणि चार-दोन ठोक्यांत डुगडुगायला लागतं. एकाच पोलादी दांड्यातून कोरून काढलेले काही चांगले अपवाद आहेत, पण बाजारात स्वस्तात दिसतात ते हे नव्हेत. काडेपेटी खिशात ठेवा.

प्रश्न: कार्बन पोलाद की स्टेनलेस?

बीके-२, ईएसईई-६ आणि के-बार तिघेही १०९५ कुळातल्या कार्बन पोलादाचे आहेत. त्यात सुमारे एक टक्का कार्बन असतो. धार पटकन लागते, किंमत आटोक्यात राहते. पण ओलं राहिलं की गंज आलाच. कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा ताम्हिणीच्या पावसात, पुसलं नाही तर सकाळपर्यंत धारेवर तांबूस ठिपके दिसतात. पात्यावरचा काळा रंग बाजू झाकतो, धार मात्र उघडीच असते.

गार्बर्ग १४सी२८एन या स्वीडिश स्टेनलेसमध्ये मिळतो आणि हे पोलाद मला फार आवडतं. गंज सहसा धरत नाही, धार बारीक येते आणि दगडावर लवकर लागते. स्टेनलेसला धार लागत नाही हा समज जुन्या, हलक्या पोलादांवरून आलेला आहे.

नावापेक्षा पोलादाला पाणी कसं दिलंय ते बघावं. तेच १०९५ एका कारखान्यात नीट तापवून, विझवून, पुन्हा माफक तापवून तयार होतं, दुसरीकडे नुसतं कडक होऊन काचेसारखं तडकतं. कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५५ ते ५९ दरम्यानचा आकडा रानातल्या कामाला ठीक. ६२-६३ ऐकून हुरळू नका. एवढ्या कडक धारेचा गाठीवर टवका उडण्याची भीती असते.

कार्बन घेतलात तर काम झाल्यावर पुसा आणि खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. त्याच पात्याने पुढे जेवणही कापता येतं. कैरी, कांदा, चिंच यांच्या आंबटपणाने पात्यावर करडी झाक चढते, आजीच्या लोखंडी विळीवर असते तशी. ती घासून काढू नका. त्या थरामुळे तांबडा गंज थोडा कमी धरतो.

प्रश्न: स्कँडी, फ्लॅट, कॉन्व्हेक्स म्हणजे काय?

पातं पाठीकडून धारेकडे कसं निमुळतं होतं त्याची ही नावं. स्कँडीत पातं बरंच अंतर सारख्याच जाडीचं राहतं आणि धारेजवळ एकदम उतरतं (गार्बर्ग). तासायला अप्रतिम, धार लावायलाही सोपी, कारण तो उतार जसाच्या तसा दगडावर टेकवायचा असतो. फ्लॅट म्हणजे पाठीपासून सपाट उतार (ईएसईई-६), सर्व कामांना बरा. कॉन्व्हेक्स म्हणजे फुगीर उतार (ए-१), घावाला आणि फोडायला मजबूत, पण सपाट दगडावर धार लावताना हाताला सवय लागते.

प्रश्न: पाठीवर ठोकून लाकूड फोडताना चाकू मोडेल का? योग्य पद्धत कोणती?

याला बॅटनिंग म्हणतात. जाड चाकू घेणाऱ्या बहुतेकांना मुख्यतः हेच करायचं असतं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी कारण. पावसात किंवा बर्फात पडलेलं लाकूड वरून भिजलेलं असतं, आतला गाभा कोरडा राहतो. चूल पेटवायला तो गाभा बाहेर काढावा लागतो. कुऱ्हाड असेल तर कुऱ्हाडीने, नसेल तर चाकूने.

ओंडक्याचा व्यास पात्याच्या लांबीपेक्षा निदान दोन इंचांनी कमी हवा, म्हणजे पातं आत गेल्यावरही टोक पलीकडे दिसतं आणि त्यावर ठोकता येतं. धार ओंडक्याच्या माथ्यावर टेकवा, मनगटाइतक्या जाड सोट्याने पाठीवर मारा. पातं आडवं, जमिनीला समांतर राहू द्या. मूठ खाली दाबून धरली आणि टोकावर ठोकत राहिलात तर सगळा ताण टँगवर येतो, आणि चाकू मोडतात ते बहुधा असेच. दगडाने किंवा हातोडीने कधीही ठोकू नका. गाठ दिसली तर तो ओंडका बाजूला ठेवा, रानात दुसरा मिळेल. उणे वीस अंशांत पोलादही ठिसूळपणाकडे झुकतं आणि गोठलेलं लाकूड दगडासारखं होतं, तिथे जास्त जपा.

पातं मध्येच रुतलं तर हिसके देऊ नका. वर पडलेल्या चिरेत लाकडाची पाचर मारा, ओंडका आपोआप उघडेल. पाचर वापरायची सवय लागली की पातळ चाकूनेही बरंच मोठं लाकूड फोडता येतं, आणि जाड चाकूची गरज किती कमी होते ते स्वतःलाच दिसतं.

बसायची पद्धतही महत्त्वाची. मांडीवर लाकूड ठेवून तासू नका. मांडीच्या आतून मोठी धमनी जाते आणि ती कापली गेली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. कोपर गुडघ्यांच्या पुढे ठेवा किंवा शरीराच्या बाजूला काम करा. लहान मुलं शेजारी असतील तर हाताच्या टप्प्यात कोणी नको.

प्रश्न: पाठीवर करवतीचे दात असलेला चाकू जास्त उपयोगी नाही का?

लाकडासाठी नाही. अमेरिकी वैमानिकांच्या जुन्या चाकूवर असे दात होते ते अडकलेल्या विमानाचा पत्रा कापून बाहेर पडण्यासाठी. लाकडात ते रुततात, आणि पाठीवर ठोकलं तर सोट्याचा भुसा पाडतात. घडीची करवत वेगळी घ्या. बाको कंपनीची लॅपलँडर ही घडीची करवत सुमारे दोनशे ग्रॅमची आहे. हाताएवढी जाड फांदी ती सफाईने कापते आणि तीच फांदी चाकूने तोडायला लागणाऱ्या श्रमाच्या मानाने काहीच घाम निघत नाही. गार्बर्ग आणि लॅपलँडर मिळून वजन बीके-२ पेक्षाही कमी भरतं. ही जोडी मी कोणत्याही एकट्या जाड चाकूच्या वर ठेवतो.

प्रश्न: आपला कोयता किंवा खुकरी काय वाईट?

काहीच वाईट नाही. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून सह्याद्रीत वावरणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या रानात राहिली आहेत. पुढे झुकलेलं पातं आणि टोकाकडे वजन, त्यामुळे झाडोरा साफ करायला, बांबू तोडायला तो या पाचही चाकूंना मागे टाकतो. गावचा लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून घडवतो ते पोलादही धक्का सोसणारं असतं, आणि मूठ सैल झाली तर तोच बसवून देतो. खुकरीत धारेचा भागच कडक आणि पाठ मऊ ठेवतात, त्यामुळे ती घाव झेलते. कमी पडतात ते बारीक कामात: भोक पाडणं, खाच करणं, काटा काढणं. उत्तर स्कँडिनेव्हियातले सामी लोक म्हणूनच लेउकू नावाचा मोठा चाकू आणि एक लहान चाकू जोडीने बाळगत. कोयत्याबरोबर एक छोटा मोरा ठेवलात तर हीच जोडी होते.

प्रश्न: सह्याद्रीत ट्रेकला असा चाकू नेता येतो का?

इथे फार सांभाळा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच तरतूद लागू होते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. म्हणजे ट्रेकर्सच्या आवडत्या कितीतरी वाटा यात येतात. राखीव जंगलात आग पेटवण्यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ ची बंधनं आहेत. लाकूड फोडायचा मुख्य हेतूच तिथे उरत नाही.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू वेगळ्या वर्गात घातले आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराची अवजारं त्यातून वगळली आहेत. वरचे पाचही चाकू या मापांपेक्षा लहान आहेत. तरी शहरात जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश असतात तेव्हा कमरेला चाकू लावून फिरणं अडचणीत आणू शकतं. प्रवासात तो पिशवीच्या तळाशी, म्यानात असू द्या.

सह्याद्रीतल्या एक-दोन दिवसांच्या ट्रेकला मला जाड चाकूची गरज दिसत नाही. जिथे नेणं कायदेशीर आहे तिथे दोरी, फळं, पट्टी यांना लहान साधा चाकू पुरतो. ते वजन पाण्याच्या बाटलीला द्या.

प्रश्न: आम्ही परदेशात आहोत. तिथले नियम?

स्वीडनमध्ये सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय चाकू बाळगायला १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. जंगलात तंबूला जाताना नेणं हे कारण धरलं जातं, संध्याकाळी स्टॉकहोमच्या मेट्रोत पट्ट्याला लावणं नाही. इंग्लंडमध्येही घडी न होणारा चाकू योग्य कारणाशिवाय बाहेर नेणं गुन्हा आहे. अमेरिकेत राज्यागणिक, कधी शहरागणिक नियम बदलतात, ते घर सोडण्यापूर्वी वाचा. स्वीडनमध्ये कोणाच्याही रानात फिरण्याचा आणि मुक्काम करण्याचा हक्क मोठा आहे, पण उभ्या झाडाची फांदी तोडायचा हक्क त्यात नाही.

प्रश्न: धार कशी लावावी?

जाड चाकूला एका बाजूला साधारण २० अंशांचा कोन ठेवा. मोजायला सोपं: पातं दगडावर उभं धरा, ते ९० झालं, निम्मं झुकवा ४५, पुन्हा निम्मं झुकवा की २२. तोच कोन धरून दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा. ए-१ सारख्या फुगीर पात्याला मऊ रबरावर पॉलिश पेपर ठेवून पाठीच्या दिशेने ओढा. दगड हाताशी नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाचं खरखरीत कडं चालतं.

रस्त्यावरच्या मशीनच्या चाकावर देऊ नका. धारेवर निळी झाक दिसली म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि पाणी उतरलं. तेवढा भाग घासून टाकेपर्यंत धार टिकणार नाही.

प्रश्न: म्यान कोणतं?

पावसाळ्यात साध्या प्लास्टिकचं किंवा कायडेक्स या कडक प्लास्टिकचं. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून पातं महिनोन्‌महिने चामड्यात ठेवू नका. म्यान उलटं करून हलवल्यावर चाकू पडता कामा नये.

प्रश्न: बिबट्या किंवा रानडुक्कर आलं तर उपयोग होईल?

नाही. तो विचार डोक्यातून काढा. मागे सरका, पाठ दाखवून पळू नका, आवाज करा, एकत्र राहा.

प्रश्न: एकच घ्यायचा, तर कोणता?

पहिल्यांदाच घेत असाल तर यातला कोणताही नको. मोराचा साधा कंपॅनियन घ्या. एका ईएसईई-६ च्या किमतीत असे चार-पाच सहज येतात. वर्षभर वापरा, त्याला कुठे मर्यादा येते ते नोंदवा. बहुतेकांना तो पुरतो. थंड प्रदेशात मुक्काम करणाऱ्यांनी पुढे गार्बर्ग आणि घडीची करवत घ्यावी. वजन चालत असेल आणि तोडायचं कामही चाकूनेच करायचं असेल तर ईएसईई-६. समुद्राकाठी किंवा सतत ओल्यात राहणाऱ्यांनी, खिसा परवानगी देत असेल तर, ए-१.

प्रश्न: ऑनलाइन घेताना खोटा माल कसा ओळखावा?

बेकर, के-बार, ईएसईई यांची किंमत मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शात दिसली तर तो खरा नाही. वर्णनात पोलादाचं नाव नसेल, नुसतं ‘हाय कार्बन स्टेनलेस’ असेल, तर सोडून द्या. पात्यावरची अक्षरं पुसट, धार दोन्ही बाजूंना असमान, म्यानात चाकू खुळखुळणारा: यातलं एक दिसलं तरी परतीची मुदत संपण्याआधी परत करा, आणि तोपर्यंत त्याच्या पाठीवर एकही ठोका मारू नका.